निरगाठ

कोल्डफ्लीटच्या मोठ्या कालव्यात, नऊ नोव्हेंबरला,
वाम धरायला गेलेल्या पोरांना तो सापडला.
साल पंचवीस. बीट काढणीचे दिवस.
वाटा चिखलाच्या, आणि गुडघ्यापर्यंत
सगळी माणसं एकाच रंगाची.

लिंकनहून इन्स्पेक्टर प्लॅस्किट आले मोटारीतून,
नाकाला रुमाल लावून म्हणाले,
भटक्या. दारू. पाय घसरला.
मोटार चिखलात रुतली तेव्हा
ढकलायला मीच.

मग गाडीखान्यात मी, कंदील, आणि तो.
खिशात तीन पेन्स, सुतळी,
विझवून ठेवलेली अर्धी सिगारेट.
उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, मधलं काही नाही.
डाव्याची बोटं भाजून आत वळलेली, कधीचीच.
असले हात मी फ्रान्समध्ये पाहिले होते.

आणि बुटांच्या नाड्या:
घोट्याभोवती दोन वेढे, आतल्या अंगाला सुरगाठ,
सुरगाठीच्या कानांवर पुन्हा एक निरगाठ.
वहीत लिहिलं: या हातांनी हे होणे नाही.
कुणीतरी याच्या पायाशी बसलं होतं.

अकरा तारखेला, अकरा वाजता,
सगळं गाव दगडापाशी उभं राहिलं.
पाद्रीबाबा नावं वाचत होते.
ओडलिंग, एनॉक, ते म्हणाले,
आणि पुढच्या नावाकडे गेले.
मग दोन मिनिटं शांतता. सगळ्यांच्या माना खाली.
माझीही खाली होती,
पण मी बूट बघत होतो.

मोठे, ठिगळाचे, थोरल्याचे धाकट्याला आलेले,
आणि तिसऱ्या रांगेत एक इवलासा जोड:
दोन वेढे, आतून सुरगाठ, वर निरगाठ.
चार वर्षांचं पोर. रूबेन मॉअरचं.
त्याचा हात धरून हेस्टर उभी होती,
जी पूर्वी ओडलिंग होती.

दुपारी गेलो. रूबेन पंपाच्या इंजिनावर होता.
ती हंस सोलत होती, पिसं मांडीभर.
मी काही विचारण्याआधीच म्हणाली,
दार नाही वाजवलं त्यानं. कडी हलवली, पूर्वी हलवायचा तशी.
पाव दिला, चरबी लावून. भरवला.
पोर निजलं होतं. कुणाचं, म्हणाला. सांगितलं.
म्हणाला, नाक बरं आहे त्याचं.
मग म्हणाला, बूट चढवून दे, बोस्टनला जातो, जहाज बघतो.

अकरा मैल, मी म्हणालो.
हो.
अकरा मैलांना सुरगाठ पुरली असती, हेस्टर.
तिचा हात पिसांत थांबला.
सवय, ती म्हणाली.
बऱ्याच वेळानं म्हणाली, पोराच्या सुटतात ना.

कालव्याच्या काठानं पावलं होती, दोघांची,
पुलापर्यंत.
पुढे बिटाच्या गाड्या जाऊन सगळा राडा झाला होता.
पुलावर काय झालं ते विचारलं नाही.
विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं,
आणि माझं अक्षर चांगलं आहे, कुणालाही वाचता येतं.

चौकशीत ठरलं: अनोळखी इसम, बुडून मृत्यू.
प्लॅस्किटसाहेबांना आनंद झाला.
एनॉकचं नाव दगडावर होतंच,
पाथरवटानं अक्षरामागे पैसे घेतलेले,
दुसऱ्यांदा कोण देणार?

पुरायच्या वेळी पॅरिशच्या कारकुनाला बूट दिसले.
तळवे नवे आहेत, म्हणाला, वाया कशाला.
वाकून नाडीशी झटला. पाण्यानं फुगून
गाठीचा खडा झाला होता. नखं मोडली त्याची.
सार्जंट, चाकू आहे?

नाही, मी म्हणालो.

तो या कोटाच्या आतल्या खिशात होता.
अजून आहे. सफरचंदं सोलतो मी त्यानं.